नऊ लाखांचा सप्टेंबर एक लाख ब्याण्णव हजारांवर कसा आला: एका मशीन शॉपची महिनाअखेर

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक छोटं मशीन शॉप आहे, भागीदारी फर्म, बावीस कामगार, सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंगची मशीन) मिळून सहा मशीन. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, विकत घ्यायचं, मशीनिंग करून पाठवायचं हा मुख्य धंदा, आणि एका गिऱ्हाइकाचं कास्टिंग त्यांचंच येतं, आपण फक्त जॉबवर्क, म्हणजे मजुरीवर मशीनिंग, करतो. मी तिथे आठवड्यातून दोन दिवस अकाउंट्स बघतो. रोजच्या एंट्र्या ऑफिसमधला मुलगा टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) करतो, कामाला चांगला आहे, बँक रिकन्सिलिएशन वेळेवर असतं. हे प्रकरण सप्टेंबर २०२४ च्या महिनाअखेरचं आहे, फर्मचं नाव देत नाही.

१ ऑक्टोबरला सकाळी मालकांचा फोन आला, आवाजातच आनंद होता. "टॅलीत सप्टेंबरचा नफा नऊ लाख बारा हजार दिसतोय, मोठ्या पार्टीला तीन टक्के रेट कमी करून देतो म्हणून सांगू का? ते कधीपासून मागं लागलेत." या पार्टीचा माल महिन्याला साधारण बावीस लाखांचा, म्हणजे तीन टक्के म्हणजे महिन्याला सहासष्ट हजार, आणि रेट एकदा खाली आला की परत वर जात नाही हे या लाइनमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी म्हटलं दादा, १० तारखेपर्यंत थांबा, आधी महिना बंद करू. ते म्हणाले महिना तर काल संपला की. संपला होता, पण कॅलेंडरमध्ये.

पूर्वी या फर्ममध्ये ॲडजस्टमेंट एंट्री म्हणजे मार्च संपल्यावर सीएच्या ऑफिसातून येणारा एक कागद, पंधरा-वीस एंट्र्या, त्या टाकल्या की ताळेबंद जुळला. अकरा महिने टॅली जे दाखवेल तो नफा. तेही टॅलीत स्टॉक आणि अकाउंट जोडलेले नाहीत, क्लोजिंग स्टॉकचा, म्हणजे शिल्लक मालाच्या किमतीचा, आकडा महिन्याच्या शेवटच्या तारखेला हाताने टाकतात, तो आकडा स्टोअरमन देतो. म्हणजे नफ्याचा सगळ्यात मोठा तुकडा एका हातानं लिहिलेल्या कागदावर उभा.

मी २ ऑक्टोबरला, सुट्टी असताना, शॉपवर गेलो, दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती म्हणून साफसफाईला थोडी माणसं आलेली. ऑफिसात बसलोच नाही, आधी गेटवर गेलो आणि वॉचमनकडून आवक-जावक रजिस्टर घेतलं. माझं ठाम मत आहे की महिनाअखेरची एंट्री टॅलीत होते पण तिचा आकडा शॉपवर पडलेला असतो, गेटच्या रजिस्टरमध्ये, मीटरवर, जॉब कार्डवर, चलनबुकात. नुसते बिलांचे गठ्ठे बघून केलेली तरतूद (बिल येण्याआधी धरलेला खर्च) म्हणजे अंदाज.

रजिस्टरमध्ये २७ आणि २८ सप्टेंबरला फाउंड्रीच्या दोन गाड्या आत आलेल्या, मिळून २,९०० किलो कास्टिंग. टॅलीत त्यांचं पर्चेस नव्हतं. बिलं कुठे आहेत शोधलं तर स्टोअरच्या फाइलमध्ये, कारण इन्स्पेक्शन झाल्याशिवाय बिल ऑफिसला द्यायचं नाही असा नियम क्वालिटीवाल्यांनी लावलेला आणि इन्स्पेक्शन व्हायचं होतं. आता गंमत बघा, कास्टिंग स्टोअरमनने ३० तारखेला मोजलं, ते क्लोजिंग स्टॉकमध्ये आलं, पण खरेदी आली नाही, म्हणजे ९३ रुपये किलोने २,६९,७०० रुपये सरळ नफ्यात जाऊन बसले. याला जर्नलची, म्हणजे दुरुस्तीच्या वेगळ्या नोंदीची, गरजच नव्हती, बिलं सप्टेंबरची, माल सप्टेंबरमध्ये मिळालेला, म्हणून सरळ पर्चेस व्हाउचर सप्टेंबरच्या तारखेला टाकलं, जीएसटीसकट. बिलच आलं नसतं तर मात्र जर्नल, पर्चेस डेबिट आणि "माल आला बिल नाही" या खात्याला क्रेडिट, तेव्हा जीएसटी धरायचा नाही, बिल हातात नसताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही.

त्याच फाउंड्रीचं एक बिल बरोबर उलटं निघालं. १,१२,००० चं बिल ३० तारखेचं, मेलवर आलं, मुलाने लगेच टाकलं. गाडी आली १ ऑक्टोबरला. खरेदी सप्टेंबरमध्ये, मोजणीत माल नाही, म्हणजे नफा तेवढा कमी दिसतोय. आमच्या गेटपर्यंत माल पोचवायची जबाबदारी फाउंड्रीची असते, म्हणून माल आमचा झाला तो १ तारखेला. जर्नल केली, "मार्गस्थ माल" डेबिट १,१२,०००, पर्चेस क्रेडिट १,१२,०००, आणि १ ऑक्टोबरला उलटी. माल मिळाल्याशिवाय क्रेडिट नाही हा जीएसटीचा नियम आहे म्हणून त्या बिलाचं इनपुट क्रेडिटही ऑक्टोबरच्या रिटर्नला ठेवलं.

जावक बाजूला याहून मोठं सापडलं. ३० तारखेला संध्याकाळी २,४५,००० चं सेल्स बिल बनलेलं, महिन्याचं टार्गेट पुरं करायला. गाडी गेटबाहेर पडली १ ऑक्टोबरला सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी, वॉचमनने वेळ लिहिली होती. तोच माल स्टोअरमनने ३० ला रात्री मोजून स्टॉकमध्येही धरला होता, तो समोर पडलेला होता म्हटल्यावर त्याची चूक नाहीच. विक्रीही धरली, स्टॉकही धरला. इथे मुलगा म्हणाला सर बिल तर सप्टेंबरचं आहे, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं जीएसटी रिटर्न) सप्टेंबरमध्येच जाणार ना. जाणारच, बिल ३० तारखेचं म्हणून कर सप्टेंबरचाच, त्याला हात लावायचा नाही. पण नफ्यासाठी विक्री ऑक्टोबरची. म्हणून फक्त मूळ रकमेची जर्नल, सेल्स डेबिट २,४५,०००, "बिल झालं माल गेला नाही" क्रेडिट २,४५,०००, एक तारखेला उलटी. महिन्याची विक्री ४१,२०,००० होती ती ३८,७५,००० झाली, जीएसटी रिटर्नमधली विक्री आणि नफा-तोट्यातली विक्री वेगळी दिसते, त्याचा दोन ओळींचा मेळ लिहून फाइलला लावला, नाहीतर मार्चला कुणालाच आठवत नाही.

मग स्टॉकची शीट घेऊन स्टोअरमनबरोबर फिरलो. माणूस प्रामाणिक, वीस वर्षं जुना, एकेक रॅक दाखवत होता. एका कोपऱ्यात ६४० नग कास्टिंग, पिवळा रंग मारलेलं. हे कुणाचं विचारलं तर म्हणाला, "ते जॉबवर्कवाल्यांचं हो." मग शीटवर कसं? "मोजायला सांगितलं म्हणून सगळं मोजलं साहेब." २५० रुपये नगाने १,६०,००० आमच्या स्टॉकमध्ये. दुसऱ्याचं कास्टिंग आपल्याकडे चलनवर आलेलं असतं, आपण फक्त नगांचा हिशोब ठेवायचा, पैशाचा नाही. आणि हे नुसतं नफ्याचं नाही, हाच स्टॉकचा आकडा बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जातो, त्यावर सीसीची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ते, ठरते, २५ टक्के मार्जिन वजा जाता १,२०,००० ची लिमिट आपण दुसऱ्याच्या मालावर वापरली असती. सप्टेंबरचं स्टेटमेंट अजून गेलेलं नव्हतं, ते दुरुस्त करून पाठवलं. मला या एका गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण बँकेचा माणूस स्टॉक बघायला आला आणि त्याने पिवळा रंग ओळखला तर नुकसान पैशाचं नाही, शब्दाचं होतं.

मागच्या शेडजवळ बर, म्हणजे मशीनिंगमध्ये निघालेला धातूचा कीस, पडलेली, टर्निंग-बोरिंगची, ढीग मोठा. ऑगस्टअखेर भंगारवाला सगळी उचलून गेला होता, त्यामुळे ओपनिंग शून्य. काट्यावर २,१०० किलो भरली, शेवटच्या विक्रीचा भाव २८ रुपये, म्हणजे ५८,८०० स्टॉकमध्ये घेतले. भंगाराला कॉस्ट लावत बसायचं नाही, विकून जे येईल तेच. इन्सर्टचं (मशीनच्या कापणाऱ्या पात्यांचं) कपाटही उघडलं, न वापरलेली पाकिटं मोजली तर ६१,००० ची, ऑगस्टअखेरची यादी सापडली तिच्यात ३८,०००, फरक २३,००० टूलिंग खर्चातून कमी केला.

अर्धवट मालाचं, डब्ल्यूआयपीचं, मी या महिन्यात मुद्दाम सोडलं. तीनेकशे नग पहिल्या आणि तिसऱ्या ऑपरेशनच्या मधे होते आणि स्टोअरमनने फक्त कास्टिंगची किंमत धरलेली. नियमाने मजुरी आणि फॅक्टरी खर्चाचा वाटा लावायला हवा. पण ऑगस्टलाही तसंच धरलं होतं, नगही जवळपास तेवढेच, म्हणजे नफ्यात फरक किरकोळ. एकाच बाजूला पद्धत बदलली असती तर खोटाच नफा तयार झाला असता. ऑक्टोबरसाठी ऑपरेशनवार रेट बसवायला घेतले, ओपनिंग आणि क्लोजिंग दोन्हीला लावायचे. एक लक्षात ठेवायला सांगितलं, फॅक्टरीचा स्थिर खर्च नगावर लावताना मशीनची नेहमीची क्षमता धरायची, काम कमी असलेल्या महिन्यात उरलेला खर्च स्टॉकच्या अंगावर टाकायचा नाही, ते एएस-२ मध्ये (स्टॉकच्या किमतीचं लेखा मानक) स्पष्ट आहे आणि तसं केलं की मंदीच्या महिन्यात स्टॉक महाग दिसतो.

इथपर्यंत कटऑफ (कोणता व्यवहार कोणत्या महिन्याचा) आणि स्टॉक झालं. यानंतर ज्याला खरंच तरतूद म्हणतात त्या एंट्र्या.

लाइट बिल पुढच्या महिन्यात येतं आणि मुलगा ते आलं त्या महिन्यात टाकायचा, म्हणजे सप्टेंबरच्या खात्यात ऑगस्टची वीज, १,७४,०००. ३० तारखेला संध्याकाळी मीटरचं रीडिंग वॉचमनने लिहून ठेवलं होतं, ही एक सवय मी आधीच लावली होती, १६,००० युनिट निघाले. सगळं बिल भागिले युनिट करून सरासरी काढायची नाही, कारण डिमांड चार्ज वगैरे स्थिर भाग युनिटबरोबर कमी-जास्त होत नाही. मागच्या बिलावरून स्थिर भाग ३८,१२० आणि युनिटमागे साडेनऊ रुपये, १६,००० गुणिले साडेनऊ म्हणजे १,५२,०००, एकूण १,९०,१२०. ऑगस्टचे १,७४,००० ऑगस्टच्या तारखेला तरतूद करून मागे ढकलले, सप्टेंबरवर फरक फक्त १६,१२० चा पडला.

पगाराचं तसंच, पगार ७ तारखेला होतो आणि त्याच दिवशी बुक होतो, म्हणजे एक महिना मागे. एरवी आकडा सारखाच असल्यामुळे कळत नाही. पण यंदा ७ सप्टेंबरला गणपती बसले, पोरं गावाकडे, मशीन थंड, आणि १७ ला विसर्जन झाल्यावर शेवटचे बारा-तेरा दिवस दोन्ही शिफ्टला ओव्हरटाइम. हजेरीपुस्तकावरून काढलं तर सप्टेंबरचा पगार ऑगस्टपेक्षा ६२,००० ने जास्त. ज्या महिन्यात माल गेला त्याच महिन्यात ती मजुरी यायला हवी, नाहीतर सप्टेंबर उगीच चांगला आणि ऑक्टोबर उगीच वाईट.

बोनसवर मालकांशी बराच वेळ बोलणं झालं. ते म्हणाले बोनस दिवाळीला देतोय, दिवाळीच्या महिन्यात टाका. पण दिवाळी २०२४ ला जो बोनस दिला जाणार तो २०२३-२४ सालाचा, त्याची तरतूद मार्च २०२४ च्या ताळेबंदात आहेच, सीएंनी केलेली, पैसे देताना ती तरतूद डेबिट करायची, खर्च परत टाकायचा नाही. चालू सालाचा बोनस मात्र दर महिन्याला साचतोय. हे मालक पूर्ण बेसिकवर ८.३३ टक्के देतात, महिन्याचं बेसिक ३,३०,०००, म्हणून २७,४८९. ग्रॅच्युइटी, वर्षाला पंधरा दिवस आणि महिना सव्वीस दिवसांचा धरून, महिन्याला ४.८१ टक्के, १५,८७३. लहान फर्ममध्ये ग्रॅच्युइटी कुणी धरत नाही, वीस वर्षांचा माणूस निवृत्त होतो तेव्हा एकदम लाखांचा चेक फाडावा लागतो आणि त्या महिन्याचा नफा जातो. स्टोअरमनकडे बघूनच मी तो विषय काढला होता.

घसारा दरवर्षी फर्म आयकराच्या दराने काढते, मशीनरीवर १५ टक्के, एप्रिलची शिल्लक किंमत ५८ लाख, वर्षाचे ८,७०,०००, महिन्याचे ७२,५००. कंपनी असती तर कंपनी कायद्याच्या शेड्यूल दोनप्रमाणे मशीनचं आयुष्य धरून काढावा लागला असता.

विमा ५ सप्टेंबरला वर्षाचा भरला ९६,०००, सगळा सप्टेंबरमध्ये टाकलेला. सप्टेंबरचे २६ दिवस, ३६५ पैकी, म्हणजे ६,८३८, उरलेले ८९,१६२ प्रीपेडमध्ये (पुढच्या महिन्यांचा आधीच भरलेला खर्च). टर्म लोनचा हप्ता ६८,५०० पूर्णच लोन खात्याला डेबिट होत होता, बँकेच्या शेड्यूलप्रमाणे त्यातलं २९,४०० व्याज, ते खर्चात घेतलं. हे दोन्ही पाच मिनिटांचं काम.

बाहेरून करून घेतलेलं हीट ट्रीटमेंटचं काम, चलनबुकाप्रमाणे माल परत आलाय पण बिल नाही, ७४,०००. इथे एक ठेच बऱ्याच जणांना लागते, पार्टी माहीत आहे, रक्कम माहीत आहे, तर नुसत्या तरतूद खात्याला क्रेडिट केलं तरी टीडीएस (पार्टीच्या पैशातून कापून भरायचा आयकर) लागतो, तेव्हाच्या १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४सी मध्ये सस्पेन्स खात्याला जमा केलेलंही क्रेडिट धरलं जायचं. पार्टी प्रोप्रायटर आणि वर्षाचं काम लाखाच्या वर गेलेलं, म्हणून १ टक्का, ७४० रुपये, ७ ऑक्टोबरच्या आत भरले. रक्कम छोटी आहे पण राहिली तर व्याजही लागतं आणि वर्षअखेर खर्चाचा काही भाग अमान्य होतो. आणि शेवटचं, मोठ्या पार्टीने सप्टेंबरच्या मालातले काही नग नापास केल्याचा मेल क्वालिटीकडे आला होता, डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) यायची होती, ३१,००० धरले.

याच कामात मुलाने आपणहून एक एंट्री करून ठेवली होती, "इतर खर्च तरतूद ५०,०००". कशाची विचारलं तर म्हणाला दर महिन्याला काही ना काही राहतंच सर, सेफ साइडला. मी ती काढायला लावली. ज्या आकड्यामागे गेटची नोंद, मीटर, चलन, हजेरी यातलं काहीच नाही तो आकडा पुढच्या महिन्यात उलटा कसा करणार, कशाशी जुळवणार? असे पन्नास हजार साचत जातात आणि मार्चला त्या खात्यात सहा लाख असतात ज्यांचा कुणालाच पत्ता नसतो.

सगळं मांडलं तेव्हा वजा बाजू १०,०३,०८२, अधिक बाजू २,८२,९६२, निव्वळ ७,२०,१२० कमी. नऊ लाख बारा हजारांचे १,९१,८८० राहिले. ३८,७५,००० विक्रीवर पाच टक्क्यांच्या जरा खाली.

मालकांना हे ५ तारखेला शनिवारी संध्याकाळी दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे मागचे महिनेपण असेच?" एप्रिल ते ऑगस्ट घसारा, बोनस आणि ग्रॅच्युइटी मिळून ५,७९,३१० व्हायचे होते, पगार साधारण तेवढाच होता. मी ते सप्टेंबरवर लादले नाहीत, त्या त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला टाकले, पण लपवलेही नाहीत. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं, आणि मला तेव्हा उगीच धीर देणारं काही बोलायचं नव्हतं, आकडेच समोर ठेवले. तीन टक्क्यांचे सहासष्ट हजार गेले असते तर महिन्याला सव्वा लाख राहिले असते आणि भागीदार दोन आहेत. त्यांनी पार्टीला तीन टक्के दिले नाहीत. एक टक्का देतो, पण पैसे साठऐवजी तीस दिवसांत, असं सांगितलं, आणि महिनाभराच्या बोलण्यानंतर पार्टीने ते मान्य केलं.

रिव्हर्सलचं सांगायलाच हवं, कारण अर्धी महिनाअखेर तीच असते. वीज, पगार, हीट ट्रीटमेंट, मार्गस्थ माल, न गेलेल्या मालाचं बिल या सगळ्या एंट्र्या १ ऑक्टोबरला उलट्या करायच्या, म्हणजे खरं बिल आलं की तोच खर्च दोनदा धरला जात नाही, घसारा, बोनस, ग्रॅच्युइटी, विमा, व्याज या नाही. मुलाने टॅलीतलं रिव्हर्सिंग जर्नल वापरायला घेतलं, नावावरून वाटतं की आपोआप उलटी होईल. तसं नाहीये, ते व्हाउचर सिनॅरिओ (रिपोर्टची तात्पुरती वेगळी मांडणी) लावला तरच रिपोर्टमध्ये दिसतं, लेजरमध्ये पोस्टच होत नाही. म्हणजे तरतूद केली असं वाटतं आणि नफ्यात काहीच येत नाही. म्हणून साधी एफ७ जर्नल, आणि १ तारखेला हाताने उलटी जर्नल, नॅरेशनमध्ये मूळ व्हाउचरचा नंबर.

तरीही ऑक्टोबरला एक राहिलीच. ६ नोव्हेंबरला महिना बंद करताना वीज खर्च साडेतीन लाखांच्या वर दिसला. सप्टेंबरचं बिल आलं होतं १,९१,६४०, आमच्या अंदाजापेक्षा १,५२० जास्त, ते ऑक्टोबरमध्ये बुक झालं, ऑक्टोबरची तरतूदही झाली, पण १,९०,१२० उलटे करायचे राहिले. सापडायला दोन मिनिटं लागली, कारण वीज तरतूद खातं उघडलं तर त्यात एकाऐवजी दोन महिन्यांची शिल्लक. आता मुलगा महिना बंद करायच्या आधी प्रत्येक तरतूद खातं उघडून बघतो की त्यात फक्त चालू महिन्याचीच रक्कम आहे ना. आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखलाय, बिल नंबर, तो दर ३० तारखेला रात्री पानाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, स्टोअरमन शीटच्या पहिल्याच ओळीत पिवळ्या कास्टिंगचे नग वेगळे लिहितो, किमतीच्या रकान्यात रेघ मारून.